नसलेल्या खाचेतली डिस्क

१

कुठलाही सर्व्हर उघडण्याआधी हातेम त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. पंचवीस वर्षांची सवय. पंखे एका सुरात आहेत का, एखादी डिस्क अडखळत फिरतेय का, हे त्याच्या तळव्याला डोळ्यांआधी कळायचं. महदिया गावातली निम्मी कार्यालयं त्याला त्यासाठीच ओळखत. हातेमने हात ठेवला की मशीन शहाणं होतं, असं लोक गमतीनं म्हणत, आणि तोही हसून घेई.

एका इमारतीत मात्र तो चार वर्षं गेला नव्हता. जुन्या बंदराजवळच्या ध्वनिसंग्रहाच्या. तिथलं काम आलं की तो आपल्या भागीदाराला, अनीसला पाठवायचा आणि कारण विचारलंच तर जिन्याचं आणि गुडघ्याचं नाव पुढे करायचा.

त्या जुलैत अनीस रजेवर होता. सकाळी संग्रहाचे संचालक सी तौफीक, म्हणजे तौफीकसाहेब, यांचा फोन आला. सर्व्हर पहाटेपासून ओरडतोय, माणसं कानात कापूस घालून बसलीत, आजच्या आज या. हातेमने आढेवेढे घेतले, पण ते चालण्यासारखे नव्हते. उन्हाळ्यात कार्यालयं दोनला बंद होतात, म्हणून तो मुद्दाम पावणेदोनला पोचला. सगळे निघायच्या घाईत असले की कुणी फार बोलत बसत नाही.

दाराशी अम्म ख्मैयस खुर्ची टाकून बसला होता. तो तिथला रखवालदार. सगळे त्याला अम्म म्हणत, म्हणजे काका.

"सी हातेम," तो किल्ल्यांचा जुडगा पुढे करत म्हणाला, "चार वर्षांत वाट विसरलात वाटतं. जिना तोच आहे. गुडघे बदलून आलात का?"

हातेम हसला. म्हाताऱ्याने मग आवाज खाली आणून विचारलं, आपल्या संग्रहातल्या मादाम राद्या गेल्याचं कळलं ना? या हिवाळ्यात. तिच्या गावी, कसूर एस्साफला. हातेम म्हणाला, कळलं. मयतीला तो गेला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि अम्म ख्मैयसने ते विचारलं नाही.

२

सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर टोकाला होती. खिडकीवर निळी लाकडी झडप, तिच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडलेल्या. भोंगा एकसारखा वाजत होता. ठरावीक अंतरानं एक लांब टूऽऽ, मग शांतता, मग पुन्हा.

हातेमने पाठीवर हात ठेवला. पंखे ठीक. डिस्का ठीक. आठ खाचांत आठ डिस्का, प्रत्येकीवर हिरवा दिवा.

अशा सर्व्हरमध्ये आठही डिस्का मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखं काम करतात. त्यातली एक मेली तरी बिघडत नाही. उरलेल्या सात जणी मेलेलीवर काय होतं ते आपसात जुळवून काढतात, आणि नवी डिस्क बसवली की तिच्यावर ते पुन्हा उभं करतात. त्याला रीबिल्ड म्हणतात. दोन गेल्या तर मात्र सगळंच जातं. हे सगळं सांभाळतो तो कंट्रोलर, आतलं एक तळहाताएवढं कार्ड.

त्याने लॅपटॉप जोडून कंट्रोलरला विचारलं, बाबा, कशासाठी ओरडतोयस? उत्तर आलं: रीबिल्ड चालू आहे. एकसष्ट टक्के.

कुठल्या डिस्कवर? त्याने पुढची ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. खाच क्रमांक आठ.

खाचांचे आकडे शून्यापासून सुरू होतात. शून्य ते सात. आठ क्रमांकाची खाच म्हणजे नववी, आणि नववी खाच या यंत्राला नव्हती. जिथे असती तिथे पत्रा होता. हातेमने तरीही त्या पत्र्यावरून बोट फिरवलं. पत्रा कोमट होता, पण जुलैत कुठला पत्रा कोमट नसतो?

कंट्रोलर चुकीचं बोलतात, हे त्यानं पूर्वी पाहिलं होतं. केबल सैल असली की काहीही दिसतं. त्याने केबल काढून नीट बसवल्या. टक्के बासष्ट झाले.

३

चार वर्षांपूर्वी जे झालं त्याचीही सुरुवात खाचांच्या याच आकड्यांनी झाली होती.

तेव्हा संग्रहात चारशे बारा ध्वनिमुद्रणं होती. किनाऱ्यावरच्या गावागावांतले म्हातारे कोळी, मागावर विणणाऱ्या बायका, सुईणी. मादाम राद्यानं वीस वर्षं घरोघर हिंडून ती गोळा केली होती. माणसं एकेक करून गेली, मूळ कॅसेटींना समुद्राच्या हवेनं बुरशी लागली, आणि सगळे आवाज या एका सर्व्हरवर उरले. दुसऱ्या प्रतीसाठी सामान मागवलेलं होतं, ते यायचं होतं.

एक डिस्क मेली. खाच क्रमांक तीन. हातेम आला, डावीकडून एक-दोन-तीन मोजलं आणि तिसरी ओढली. म्हणजे क्रमांक दोन. चांगली, चालू डिस्क. नवख्याने करावी अशी चूक. त्या दिवशी सकाळी त्याचं घरी भांडण झालं होतं आणि त्याचं लक्ष नव्हतं, एवढंच.

एवढ्यानंही सगळं बुडालं नसतं. त्याने घाबरून ती डिस्क परत बसवली, तेव्हा कंट्रोलरने नेहमीचा प्रश्न विचारला होता: परकी मांडणी सापडली आहे, स्वीकारायची की पुसायची? परकी म्हणजे काढून परत घातलेल्या डिस्कवरची जुनी जुळणी; ती स्वीकारली असती तर वाचवायला वाट होती. घामेजल्या बोटानं त्याने 'पुसा' दाबलं. आणि आपण काय केलंय हे लपवायला, वरून नवी मांडणी करून टाकली.

सी तौफीक खोलीत आले तेव्हा हातेमच्या तोंडून निघालं की काम चालू असताना वीज तुटली. सर्व्हरला वीज पुरवणाऱ्या बॅटरीच्या डब्यावर कुणीतरी भार टाकला असावा. त्या डब्याला एक टेबलपंखा जोडलेला होता, मादाम राद्याचा. तिला दमा होता, उन्हाळ्यात पंख्याशिवाय श्वास पुरत नसे. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

ती नाही म्हणाली नाही. तिला ते खरं वाटलं. तिने दोन्ही हातांत हातेमचा हात धरला आणि त्याची माफी मागितली, की बाळा, माझ्यापायी तुझ्या कामाला बट्टा लागला.

महिन्याभरात तिला निवृत्त करण्यात आलं. त्यानंतर ती चारशे बारा घरी गेली, असं लोक सांगत. प्रत्येक दारात उभं राहून सांगायची की तुमच्या माणसाचा आवाज माझ्या हातून गेला. शेवटी ती हातेमच्या घरीही आली होती. तो दाराच्या आत उभा होता. त्याने बायकोला हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. मुनीरानं साखळी न काढता फटीतून सांगितलं की तो घरी नाही. हातेम मागे सरकत आतल्या खोलीत गेला, पावलं वाजू न देता, स्वतःच्या घरात चोरासारखा.

४

दोन वाजून गेले होते. खालून दरवाजे लावल्याचे आवाज आले, गाड्या निघून गेल्या, आणि इमारतीत भोंग्याशिवाय काही उरलं नाही.

हातेमने यंत्र बंद केलं. बॅगेत त्याच जातीचं दुसरं कार्ड होतं, ते बसवलं. नव्या कार्डाला जुनं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. यंत्र पुन्हा चालू केल्यावर पहिल्यांदा भोंगा वाजला आणि मग ओळ उमटली: रीबिल्ड चालू आहे. खाच क्रमांक आठ. एकोणऐंशी टक्के.

त्याला हसू आलं, आणि त्या रिकाम्या खोलीत ते त्याला आवडलं नाही. म्हणजे नोंद डिस्कांवरच असणार, त्यानं स्वतःला समजावलं. कार्ड ती तिथून वाचतंय. मग डिस्कांवर काय आहे ते पाहू.

संग्रहाच्या फोल्डरमध्ये गेल्या चार वर्षांतली पन्नासेक नवी ध्वनिमुद्रणं होती. त्यांच्या खाली जुनी नावं होती. एक: बल्कासेमचे वडील, सलक्ता, समुद्राविषयी. दोन. तीन. नावं त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होती. प्रत्येकापुढे लांबी होती, मिनिटं आणि सेकंद, आणि ती यादी एके काळी या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेली असायची, म्हणून काही लांब्या त्याला पाठही होत्या. त्या बरोबर होत्या. तयार केल्याची तारीख मात्र प्रत्येकाची आजची होती.

परत येतायत. क्षणभर त्याला फक्त आनंद झाला, कुणीतरी गुपचूप मोठं ओझं उचलून नेल्यासारखा. पुसलेल्या डिस्कांतून काही वाचू शकतं, अशी उदाहरणं आहेत. वाचतंय तर वाचू दे. त्याने कानावर हेडफोन चढवला आणि पहिलं मुद्रण उघडलं.

पावलं. चपला, वाळूवर, मग फरशीवर. धाप. थांबून घेतलेले दोन श्वास, छातीत शिट्टी वाजत असलेले. टकटक. दार उघडल्याचा आवाज.

मग बाईचा आवाज आला. "मी ध्वनिसंग्रहातली राद्या. तुमच्या वडिलांचा आवाज तुम्ही माझ्याकडे दिला होता. तो माझ्या हातून गेला. माफी मागायला आलेय."

५

तिने रेकॉर्डर सोबत नेला असेल. हातेमने हे स्वतःशी बोलून दाखवलं. कार्यालयाचा छोटा रेकॉर्डर तिच्या पिशवीत नेहमी असायचा. सवयीनं चालू राहिला असेल. नंतर कुणीतरी ते इथे चढवलं असेल.

पण लांब्या जुळतात कशा? मूळ मुद्रण सत्तावीस मिनिटांचं, तर तिची माफीही सत्तावीस मिनिटांची. बोलणं लवकर संपलं तर उरलेल्या वेळात ती चालत राही. धाप, पावलं, लांबवर समुद्र.

तो एकामागून एक उघडत गेला. एका घरात तिला कॉफी मिळाली. एका घरात दार आपटलं गेलं. एक म्हातारी खुदकन हसून म्हणाली, अगं मग मी पुन्हा बोलते की, बस अशी. त्यावर राद्या हळूच म्हणाली, आवाज तुमचा नव्हता, तुमच्या सासूबाईंचा होता. एक पुरुष शांतपणे म्हणाला, "म्हणजे आमचा बाप तुमच्या पंख्याच्या वाऱ्यात उडाला म्हणायचा." ती म्हणाली, हो.

एवढंच. हो.

हातेमच्या नावाचा उल्लेख कुठे नव्हता. कुठल्याही घरात तिने स्वतःसाठी एक सबब सांगितली नव्हती. त्याला वाटलं, तिने एकदा तरी शिवी घातली असती, एकदा तरी म्हटलं असतं की त्या तंत्रज्ञालाही विचारा, तर त्याला श्वास घेता आला असता. आपला चेहरा कुणी पाहत नाही ना म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. दाराबाहेर लांबलचक रिकामा व्हरांडा होता.

नव्याण्णव टक्के झाले. यादीत चारशे बारा नावं भरली. आणि त्याखाली, पूर्वीच्या यादीत कधीच नव्हतं असं एक आलं. चारशे तेरा. नाव नाही. लांबी पाच मिनिटं. त्याच्या नजरेसमोर पाच मिनिटं एक सेकंद झाली, दोन सेकंद, तीन. ते अजून लिहिलं जात होतं.

त्याने ते उघडलं.

जिना. तिसऱ्या पायरीची फरशी सुटलेली, पाय पडला की वाजणारी. शेजारच्या घरातला रेडिओ. हा जिना त्याच्या घराचा होता.

टकटक. मुनीराचा आवाज: "तो कामावर गेलाय." हातेम वाट पाहत राहिला. चार वर्षांपूर्वी यापुढे दार लागलं होतं. पण आता साखळी काढल्याची खळखळ आली, आणि मुनीरा म्हणाली, "उन्हाच्या आलात, मावशी. आत तरी या. घोटभर पाणी घ्या."

६

त्याने मोबाईल काढून घरी फोन लावला. हेडफोन एका कानावर तसाच ठेवून फोन त्याने दुसऱ्या कानाशी धरला. फोनमध्ये घंटा वाजू लागली. हेडफोनमध्ये मुनीराच्या मोबाईलची धून वाजली.

हेडफोनमधली मुनीरा म्हणाली, "बसा, त्याचाच आहे." एका श्वासाच्या अंतरानं तेच फोनमध्ये ऐकू आलं.

"मुनीरा, घरी कोण आलंय?"

"त्या मावशी. मागे एकदा आल्या होत्या बघ, तू नाही म्हणून सांग म्हणालेलास. आज तू खरंच नव्हतास, तर मी आत घेतलं. मला एकदा खोटं बोलायला लावलंस, ते मनात होतं माझ्या. काय झालं?"

मादाम राद्या गेल्याचं त्याने बायकोला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मयतीला जायला लागलं असतं. आता सांगायला त्याने तोंड उघडलं, पण मुनीरा म्हणाली की त्यांना बोलायचंय, देते, आणि फोन हातातून हातात गेला.

आधी धाप ऐकू आली. दोन्ही कानांत, पुढेमागे.

"बाळा," ती म्हणाली. "सगळ्यांकडे जाऊन आले. तू तेवढा राहिलास. माझ्यापायी तुला खाली बघावं लागलं. मला माफ कर."

सांगायचं ते एक वाक्य होतं. तुम्ही काही केलं नाही, मी केलं. चार वर्षं हातेम ते गाडी चालवताना, दाढी करताना म्हणून बघत आला होता. ते आता जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. पलीकडे ती थांबली होती. तिला घाई नव्हती.

भोंगा बंद झाला. रीबिल्ड पूर्ण झालं होतं. पडद्यावर ओळ आली: परकी मांडणी सापडली आहे. स्वीकारायची की पुसायची?

स्वीकारलं तर सोमवारी सी तौफीक ते ऐकतील. सगळे ऐकतील. चारशे बारा घरं, आणि शेवटी एक घर, ज्यातला माणूस गप्प आहे. का गप्प आहे, हे कुणीतरी विचारेलच.

त्याने फोन कापला. मग 'पुसा' दाबलं. हे करताना आपण क्षणभरही थांबलो नाही, ही गोष्ट त्याला पुढे कायम खुपत राहिली.

आठ हिरवे दिवे. यादीत फक्त नवी पन्नासेक मुद्रणं. खाली आल्यावर अम्म ख्मैयसने विचारलं, सापडलं का काय होतं ते? हातेम म्हणाला, केबल सैल होती.

७

तो घरी पोचला तेव्हा मुनीरा पेला विसळत होती. मावशी गेल्या, तिने सांगितलं. फोन कटला म्हणून मी पुन्हा लावत होते, तर नको म्हणाल्या.

"रागावल्या का?"

"नाही. म्हणाल्या, त्याने अजून माफ केलेलं दिसत नाही. माझंच कुठेतरी कमी पडलं असणार. पुन्हा पहिल्या घरापासून जाऊन येते." मुनीरानं पेला पालथा घातला आणि हात पुसत त्याच्याकडे पाहिलं. "हातेम, त्या बाईनं तुझं काय केलंय?"

त्याने तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिसरी डिस्क, पंखा, निवृत्ती. हिवाळ्यातली मयतही. मुनीरानं मावशींचा तो पालथा पेला उचलला आणि वेगळ्या फळीवर नेऊन ठेवला.

"मला नको सांगूस," ती अखेर म्हणाली. "मी त्यातली कोण?"

८

दुसऱ्या दिवशी सकाळी हातेम सलक्त्याला गेला. पहिलं घर हाज बल्कासेमचं. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, अंगणात जाळं दुरुस्त करत होता. हातेम उभ्या उभ्याच बोलला, कारण बसलो तर उठून जाऊ असं त्याला वाटलं. आवाज राद्याच्या हातून गेला नाही. माझ्या हातून गेला. मी खोटं बोललो.

हाज बल्कासेमने सुई थांबवली. "ती आत्ताच येऊन गेली," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वीच मी तिला म्हटलं होतं, बाई, दिली माफी. आज म्हणाली, पुन्हा द्या. मी पुन्हा दिली. कॉफी पण घेतली नाही." त्याने हातेमला नीट पाहून घेतलं. "तू हे मला काय सांगतोस? ती अजून गल्लीतच असेल. तिला सांग."

हातेम बाहेर आला. गल्ली पांढरी होती आणि सरळ समुद्राकडे उतरत होती. वीस-पंचवीस पावलांवर एक बाई पाठमोरी उभी होती, डोक्यावरून पांढरी चादर घेतलेली, एक हात भिंतीला टेकून. ती दम खात होती. त्या शिट्टीच्या श्वासाचा आवाज त्याला इथवर येत होता. मग तिने हात उचलून समोरच्या दारावर टकटक केली.

दार उघडलं. उघडणारीचा चेहरा त्याला दिसला, एक तरुण सून, हातांना ओलं पीठ लागलेलं. तिला काहीही वेगळं वाटत नव्हतं. ती मान हलवत ऐकत होती.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. धावायचीही गरज नव्हती. हातेम भिंतीच्या सावलीत उभा राहिला. आत्ता ती वळली तर, एवढंच त्याच्या मनात होतं. ती वळली तर तो चेहरा आपल्याला पाहावा लागेल, आणि तिला आपला.

ती वळली नाही. बोलणं संपल्यावर तिने सुनेच्या हाताला हात लावला, चादर सावरली आणि समुद्राच्या बाजूला चालू लागली. पुढच्या कोपऱ्यापाशी पुन्हा थांबली, दम घेतला, आणि वळून दिसेनाशी झाली.

ती पूर्ण दिसेनाशी झाल्यावरच हातेमने पाऊल उचललं. सुनेच्या हातचे पिठाचे ठसे अजून ओले होते त्या दारापाशी जाऊन त्याने टकटक केली.